रॅन्सम कारखान्याचा इतिहास : एक परीक्षण

इप्स्विच येथील रॅन्सम कारखान्याचा इतिहास बहुधा वाफेच्या यंत्रांच्या कौतुकानें लिहिला जातो. 1841 मधील फिरतें वाफयंत्र व 1871 मध्यें हिंदुस्थान सरकारच्या वाहतुकीसाठीं बांधिलेलें ‘चिनाब’ हीं त्यांतील मानाचीं पानें. परंतु रॉबर्ट रॅन्समनें 1803 मध्यें पेटंट घेतलेला ओतीव फाळ हेंच या कारखान्याच्या कीर्तीचें मूळ होय. खालची बाजू कठीण व वरची मऊ असल्यामुळें तो झिजतां झिजतां स्वतःच धार धरी.

हा इतिहास भोर-वेल्ह्याच्या कसोटीस लावून पाहावा. येथील उतारावरच्या भातखाचरांत जड यंत्राचा शिरकाव कठीण. बैलांचा नांगर मात्र चालतो. शिवाय, माल तयार झाला म्हणजे तो वापरांत आला, असें होत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा 1903 चा लोखंडी नांगरही, लोखंडानें जमीन विषारी होईल या शंकेमुळें, प्रथम खपेना.

सारांश, कारखान्याचीं सूचिपत्रें ही बखर. खरेदीच्या पावत्या, दुरुस्तीचे हिशेब व ओतीव भागांवरील अक्षरें हीं अस्सल साधनें. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या संग्राहकांनीं भंगारांत निघालेल्या फाळावरील अक्षरांचाही ठसा वेळींच घ्यावा.