‘तेलदाब’ आणि ‘बंद’ : नौकेतील इंधनपंपाच्या परिभाषेचे परीक्षण

पारिभाषिक शब्दाचे परीक्षण आपल्याकडे बहुधा दोन कसोट्यांवर होते : शब्द व्युत्पत्तीने शुद्ध आहे काय, आणि तो रुळला आहे काय. 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचे जे विपुल कार्य झाले, त्यावरील वादही प्रायः याच दोन कसोट्यांभोवती फिरत राहिला. शब्द वाचून मनुष्य कोणती कृती करील, ही तिसरी कसोटी मात्र उपेक्षित राहिली. लहान यांत्रिक नौकेवर विजेवर चालणारा इंधनपंप जोडण्याच्या सूचना मराठीत आणू गेल्यास या उपेक्षेचे मोल किती पडेल, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उदाहरण नौकेचेच का, याचे उत्तर नंदुरबार जिल्ह्याच्या भूगोलात आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. 2019 मध्ये जलाशय 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला. नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना व तालुक्याचे ठिकाण यांच्याशी जोडणारा मार्ग आता पाण्यावरून जातो. अशा ठिकाणी इंजिनाची नौका ही हौसेची वस्तू नसून नित्याचे वाहन आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. रस्त्यावरील गाडीतून गळलेले पेट्रोल जमिनीवर पडते व त्याची वाफ वाऱ्याबरोबर जाते. नौकेत मात्र ती तळाच्या पोकळीत साचते, आणि एक ठिणगी स्फोटास पुरते. पंपाला वीज केवळ चावीतून दिली, तर इंजिन बंद पडले तरी चावी फिरलेली असेपर्यंत पंप चालूच राहतो. त्या वेळी नळी फुटलेली असेल किंवा कार्ब्युरेटरची सुई अडकलेली असेल, तर तो पेट्रोल नौकेतच ओतीत राहतो. म्हणून अमेरिकेच्या संघीय नियमांत असा दंडक आहे की, इंजिन चालू असताना अथवा चालू केले जात असतानाच इंधनपंप चालावा, एरवी नव्हे.

हा दंडक पाळण्याची एक सुटसुटीत रीत म्हणजे तीन टोकांचा ऑइल प्रेशर स्विच. एका टोकाला पंपाची तार, दुसऱ्याला स्टार्टरच्या मंडलातून येणारी, तिसऱ्याला चावीकडून येणारी. वंगणाचा दाब नसताना पंप स्टार्टरच्या तारेशी जुळलेला असतो. त्यामुळे स्टार्टर फिरेपर्यंतच त्याला वीज मिळते. इंजिन सुरू होऊन दाब वाढला की पंप चावीच्या तारेशी जुळतो. इंजिन थांबले की दाब ओसरतो, पंप पुन्हा स्टार्टरच्या निर्जीव तारेवर येतो व आपोआप थांबतो.

आता भाषेकडे वळू. या स्विचाला ‘तेलदाब स्विच’ म्हणावे असे सहज सुचते, आणि शब्द म्हणून ते निर्दोष दिसते. परंतु मराठीत ‘तेल’ या शब्दाचा अर्थविस्तार फार झाला आहे : गोडे तेल, खोबरेल तेल, मातीचे तेल, खनिज तेल. जळणासाठी इंजिनात घालावयाचे तेही बोलण्यात ‘तेल’च होते. इंधनपंपाच्या प्रकरणात ‘तेलाचा दाब’ म्हणजे इंधनाचा दाब, असे कोणी समजला तर त्याला दोष देता येणार नाही. तसे समजून स्विच इंधनाच्या नळीवर बसविला, की इंजिन थांबल्यावरही पंपाने स्वतः निर्माण केलेला दाबच पंपाला चालू ठेवील. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तसा हा प्रकार होय.

येथे लक्षणीय गोष्ट अशी की, शुद्धिवाद्यांना खटकणारा ‘ऑइल’ हा उसना शब्द अधिक काटेकोर ठरतो. गॅरेजच्या मराठीत त्याचा अर्थसंकोच झालेला आहे. ‘ऑइल बदलले’ म्हणजे वंगणच बदलले. पण देशी पर्यायही दूर नाही. बैलगाडीच्या आसाला घालतात ते ‘वंगण’. त्याने कोठे घट्ट चरबीचा बोध होत असेल, तर ‘वंगणतेलाचा दाब’ म्हणावे.

दुसरा शब्द ‘बंद’. विद्युत्‌शास्त्राच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे वीज वाहणारा परिपथ. घरात ‘दिवा बंद’ म्हणजे वीज न वाहणारा. दाब नसताना जुळलेले जे टोक, त्याचे ‘सामान्यतः बंद’ असे भाषांतर केले, तर जोडणारा ते वीज नसलेले टोक समजेल व चावीची तार तेथेच जोडील. मग परिणाम नेमका उलटा : इंजिन थांबलेले व चावी फिरलेली असताना पंप चालेल. ‘एरवी जुळलेले’ आणि ‘एरवी तुटलेले’ हे साधे शब्द येथे निःसंदिग्ध आहेत.

संदर्भाने अर्थ कळतोच, असा आक्षेप यावर येईल. पुस्तक वाचणाऱ्याला तो कळेलही. हातात तारा घेऊन डब्यावरील एकच शब्द वाचणाऱ्याला संदर्भ कोठून मिळणार? शिवाय नर्मदाकाठी पुष्कळांच्या घरची भाषा भिली किंवा पावरी आहे. मराठी ही शिकलेली भाषा. मराठीच्या लकबी जाणून अर्थ सावरून घेण्याचा भार अशा वाचकावर टाकणे अन्यायाचे होईल.

तात्पर्य, शुद्ध की रूढ हा वाद अशा ठिकाणी गौण आहे. संकेतार्थ एकच राहील आणि चुकीच्या कृतीला वाव उरणार नाही, तो शब्द ग्राह्य. मग तो संस्कृतातून येवो, गॅरेजातून येवो वा बैलगाडीच्या आसावरून. परिभाषेच्या समित्यांनी शब्द मुक्रर करण्यापूर्वी तो तार जोडणाऱ्याकडून एकदा वाचवून घ्यावा आणि त्याने तार कोठे लावली ते पाहावे. शब्दाचा खरा अर्थ तेथे कळेल.