‘गांजा अँड हेस’ : कॅसेट, डीव्हीडी आणि संहितेचा प्रश्न

चित्रपटाच्या अभ्यासात ‘संहिता’ ही संज्ञा आपण काहीशी सैलपणे वापरतो. चित्रपटाची संहिता एकच असते आणि घरी पाहण्यासाठी निघालेली कॅसेट वा डीव्हीडी ही तिची केवळ नक्कल असते, असे त्यामागे गृहीत असते. बिल गन यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या ‘गांजा अँड हेस’ (१९७३) या अमेरिकन भयपटाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हा चित्रपट बाजारात मिळत होता, आणि तरीही गन यांनी रचलेली कृती प्रेक्षकाच्या हाती येत नव्हती.

‘ब्लॅक्युला’च्या (१९७२) यशानंतर केली-जॉर्डन एंटरप्रायझेस या निर्मितीसंस्थेला कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी आणखी एक व्हॅम्पायरपट हवा होता. नाटककार आणि नट असलेल्या गन यांनी तो साचा स्वीकारला, परंतु त्यात भरले ते निराळेच. डॉ. हेस ग्रीन या मानववंशशास्त्रज्ञाला त्याचा साहाय्यक जॉर्ज मेडा एका कल्पित प्राचीन आफ्रिकी संस्कृतीतील खंजिराने भोसकतो आणि नंतर स्वतःचा जीव घेतो. हेस मरत नाही; त्याला रक्ताचे व्यसन जडते. पतीच्या शोधात आलेली गांजा हेसशी विवाह करते आणि त्याच्यासारखीच होते. अखेरीस हेस चर्चकडे वळून क्रुसाच्या छायेत मृत्यू पत्करतो, गांजा मात्र जगणे निवडते. (नायिकेचे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. हा शब्द भारतातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांबरोबर कॅरिबियन बेटांत पोहोचला. व्यसनाच्या या कथेत तो योगायोगाने आला असेल, असे मानणे कठीण आहे.) दातांचे सुळे आणि लसणाच्या माळा या रूढ सामग्रीला येथे जवळजवळ स्थान नाही. भय आहे ते दोन वारशांमध्ये अडकलेल्या, सुस्थित, सुशिक्षित कृष्णवर्णीय माणसाचे.

१९७३ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात चित्रपट दाखवला गेला. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याची उपेक्षा झाली. एका समीक्षकाने वीस मिनिटांनंतर उठून जाऊनही संपूर्ण चित्रपटाचे परीक्षण लिहिले, अशी तक्रार गन यांनी त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील पत्रात केली. निर्मात्यांनी चित्रपट हेरिटेज एंटरप्रायझेस या वितरकाला विकला. तेथे फिमा नोव्हेक यांनी सुमारे ११० मिनिटांच्या कृतीचे पुनर्संकलन करून ती ७८ मिनिटांची केली, कथानक सरळ रेषेत आणले आणि ‘ब्लड कपल’ असे नाव दिले. गन यांनी आपले नाव काढून घेतले; दिग्दर्शक म्हणून ‘एफ. एच. नोविकोव्ह’ हे टोपणनाव झळकले. ‘डबल पझेशन’, ‘ब्लॅक एव्हिल’, ‘ब्लॅकआउट : द मोमेंट ऑफ टेरर’ अशा वेगवेगळ्या नावांनी जी आवृत्ती फिरत राहिली, ती हीच. कॅसेटवर नाव प्रत्येक वेळी नवे, आणि मूळ नाव व कर्ता दोन्ही गैरहजर! दरम्यान गन यांच्या रचनेची प्रत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जतन झाली होती. १९९८ मध्ये ऑल डे एंटरटेनमेंटने काढलेल्या डीव्हीडीमुळे ती प्रथमच घरोघरी पोहोचू शकली. पुढे २००६ मध्ये त्याच संस्थेने अधिक पूर्ण आवृत्ती काढली, तर २०१२ मध्ये संग्रहालयाने केलेल्या पुनरुद्धारावर आधारलेली ब्लू-रे किनो लॉर्बरने प्रसिद्ध केली.

येथवरचा वृत्तान्त ‘मूळ’ विरुद्ध ‘भ्रष्ट’ असा सरळ आहे आणि या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुतेकजण तेथेच थांबतात. पाठचिकित्सेच्या दृष्टीने खरा पेच याच्या पुढे आहे. ‘ब्लड कपल’मध्ये केवळ काटछाट नाही. गन यांनी चित्रित केलेली परंतु स्वतःच्या रचनेतून वगळलेली काही दृश्ये तीत आहेत. प्रक्षेप म्हणजे परहस्ते घातलेला मजकूर, अशी आपली रूढ व्याख्या आहे. येथे मजकूर कर्त्याचाच आहे. परका आहे तो क्रम, आणि परकी आहे निवड. लेखकाने खोडलेल्या ओळी दुसऱ्याने उचलून त्याच्याच कवितेत घातल्या, तर त्या ओळींना काय म्हणावे? चित्रपटाच्या माध्यमात तर निवड आणि क्रम हेच लेखन असते. म्हणून ही दृश्ये प्रामाणिक आहेत, पण ती जेथे आहेत ती जागा अप्रामाणिक आहे, असे म्हणावे लागेल.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, जिचे काम १९१९ ते १९६६ असे चालले, स्वीकारलेल्या पाठाबाहेरचे श्लोक फेकून दिले नाहीत; ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. त्यामुळे संपादकाचा निर्णय अमान्य असणाऱ्यालाही आधार उरला. चित्रपटाच्या व्हिडिओ आवृत्त्यांनी हा धडा घ्यायला हवा, असे मला वाटते. ‘ब्लड कपल’ ही गन यांची कृती नव्हे, हे निर्विवाद. परंतु वितरणव्यवसायाने या चित्रपटाचे केलेले ते एक वाचन आहे. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला स्वप्न, मौन आणि विखुरलेला काळ यांची मुभा बाजार देत नव्हता, हे या कात्रीने जितके स्पष्ट नोंदवले आहे तितके कोणत्याही परीक्षणाने नोंदवलेले नाही. ते वाचन अदृश्य झाले, तर उपेक्षेचा पुरावाही त्यासोबत नाहीसा होतो.

डीव्हीडीवरील श्राव्य भाष्याचा प्रकार आपल्याकडील टीकाग्रंथाशी ताडून पाहण्याजोगा आहे. येथे बोलतात ते गांजाची भूमिका करणाऱ्या मार्लीन क्लार्क, निर्माते चिझ शुल्ट्झ, छायालेखक जेम्स हिंटन आणि संगीतकार सॅम वेमन. गन १९८९ मध्येच निवर्तले होते. हेसचे काम करणारे ड्वेन जोन्सही हयात नव्हते. परिणामी कर्त्याचा हेतू सर्वस्वी सहकाऱ्यांच्या स्मरणातून उभा राहतो. हे भाष्य मोलाचे आहे. तरी त्याच्या आधारे एखाद्या दृश्याचा अर्थ ठरवताना अभ्यासकाने ते स्मरण आहे, हेतूचे निवेदन नव्हे, याचे भान ठेवायला हवे. ही सावधगिरी आता अधिकच आवश्यक झाली आहे. स्पाइक ली यांनी २०१४ मध्ये ‘डा स्वीट ब्लड ऑफ जीझस’ हा याच कथेचा नवा चित्रपट केला. ली यांचा चित्रपट गन यांच्या रचनेच्या बराच जवळ राहतो आणि त्याच्या पटकथेचे श्रेय गन आणि ली या दोघांच्या नावे आहे.