प्रतीक्षेची परिभाषा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील द्वितीयागमन

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा बहुधा धर्मांतर, समाजसुधारणा आणि भक्तिपरंपरेशी असलेले नाते यांभोवती फिरते. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा मात्र त्या चर्चेत मागे पडते. ही श्रद्धा मुळातच द्वंद्वात्मक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात युद्धे, दुष्काळ व भूकंप ही चिन्हे सांगितली आहेत. अंजिराच्या कोवळ्या डहाळीवरून उन्हाळा ओळखावा, असा दृष्टान्तही आहे. त्याच अध्यायात तो दिवस व ती घटका पित्याखेरीज कोणासही ठाऊक नाही, असेही बजावले आहे. चिन्हे पाहावीत, पण हिशेब मांडू नये, असा हा दुहेरी आदेश होय.

मराठीत हा आदेश उतरवताना मूलभूत अडचण येते. ‘अवतार’ हा शब्द हाताशी असला तरी त्यात युगचक्राची कल्पना गृहीत आहे. कल्कीनंतरही कालचक्र फिरतच राहते. ख्रिस्ताचे पुनरागमन मात्र इतिहासाची समाप्ती करणारे आहे. शिवाय वारकरी परंपरेतील प्रतीक्षेची दिशाच उलट आहे. तेथे पुंडलिकासाठी विटेवर उभा राहून देवच भक्ताची वाट पाहतो.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीचा आणि ‘वैकुंठा’सारख्या शब्दांचा निःसंकोच स्वीकार केला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या द्वारा ख्रिस्ताला मराठी भक्ताच्या निकट आणले. परंतु या निकटतेचे मोलही द्यावे लागले. इष्टदेव अंतःकरणात उपस्थित असेल, तर त्याच्या येण्याची वाट पाहण्याचे प्रयोजन क्षीण होते. टिळकांच्या काव्यातील व्याकुळता दर्शनाची आहे; इतिहासाच्या अंताची नाही.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. दुष्काळातून वाचवलेल्या मुली व स्त्रिया यांच्यासह त्या पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात राहत होत्या. १९०५ हे वर्ष चिन्हे शोधणाऱ्यांच्या दृष्टीने विलक्षण ठरावे असे होते. ४ एप्रिल रोजी कांगड्याच्या भूकंपात सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. जूनअखेरीस मुक्तिसदनात आत्मिक जागृतीची लाट उसळली. सप्टेंबरात सिमल्यास सुंदरसिंग यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आजच्या चंडीगढच्या वरच्या डोंगरांतील सबाथू येथे या साधूंचे वास्तव्य होते. त्या काळच्या अशा जागृतींना अनेक देशांतील उपदेशकांनी अंतकाळापूर्वीचा ‘शेवटचा पाऊस’ म्हटले. ही प्रतिमा पॅलेस्टाइनच्या शेतीतली आहे. तेथे पहिला पाऊस पेरणीचा आणि शेवटचा वसंतात, पीक हाती येण्यापूर्वीचा. महाराष्ट्रात वसंत सरताना येणारा वळीव पेरणीची चाहूल देतो. त्यामुळे कापणीची ही प्रतिमा मराठी कानाला आरंभाची वाटू शकते.

अशा वातावरणात रमाबाईंनी केलेले कार्य तारखांचा हिशेब मांडण्याचे नव्हते. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. साध्या स्त्रियांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती आणि हिंदू धर्मग्रंथांची छाया असलेले शब्द त्या टाळू पाहत. या कठोरपणामुळे भाषांतराला टिळकांच्या अभंगाचा गोडवा लाभला नाही, हे मान्य करावे लागते. तथापि द्वितीयागमनाच्या संदर्भात तो कठोरपणा समर्थनीय ठरतो. कारण परिचित शब्द येथे परिचित अर्थाकडेच ओढून नेतो. एकदाच घडणारी घटना पुनरावृत्त होणारी वाटू लागते.

या श्रद्धेवरील सर्वांत गंभीर आक्षेप असा, की ती माणसाला वर्तमान दुःखाविषयी उदासीन करते. चिन्हांचा सोस वाढला की भूकंपातील मृतही केवळ पुरावा होऊन बसतात. मुक्तिसदनाचा इतिहास त्या आक्षेपाला निदान एक उत्तर देतो. तेथे दुष्काळ हे केवळ चिन्ह राहिले नाही. दुष्काळपीडितांना अन्न, अक्षर आणि उद्योग मिळाला आणि त्यांच्यातील स्त्रियांनीच तेथील छापखान्यात ते बायबल छापले. दहा कुमारींच्या दृष्टान्तात वराला विलंब होतो आणि दहाही जणींना झोप लागते. शहाण्या आणि मूर्ख कुमारींत फरक असतो तो केवळ दिव्यासाठी जवळ ठेवलेल्या तेलाचा. १९२२ साली निधन होईपर्यंत भाषांतराच्या कामात गढलेल्या रमाबाईंची प्रतीक्षा या दृष्टान्ताच्या आधारेच समजून घ्यावी लागते.