उद्या पुन्हा ड्युटी आहे: आघातोपचाराच्या प्रशिक्षणांबद्दल काही आक्षेप

आज थोडं टीकेचं बोलणार आहे, आणि ही टीका माझ्याच व्यवसायातल्या लोकांवर आहे. आगीच्या बंबावरचे जवान, पोलिस, ॲम्ब्युलन्सवरचे कर्मचारी म्हणजे दुर्घटनेच्या जागी सर्वांत आधी पोचणारी माणसं. त्यांच्यावर मानसोपचार करणाऱ्यांसाठी अमेरिकेत खास प्रशिक्षणं चालतात. आता ती ऑनलाइनही मिळतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणी घेण्याच्या विचारात असेल. त्यांत काय शिकवलं जातं आणि काय राहून जातं, ते पाहू.

या प्रशिक्षणांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आधी त्यांची संस्कृती समजून घ्या.’ बंबावर बसून या, त्यांची भाषा शिका, त्यांचे काळे विनोद ऐकून दचकू नका. सल्ला चुकीचा नाही. पण तेवढ्याने भागत असतं, तर डीब्रीफिंगचा इतिहास वेगळा झाला असता.

जेफ्री मिचेल हे स्वतः अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स सेवेत काम केलेले गृहस्थ. म्हणजे संस्कृती आतून माहीत. त्यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. मोठी दुर्घटना झाली की दोन-तीन दिवसांत त्या तुकडीला एकत्र बसवायचं आणि सात टप्प्यांत बोलतं करायचं. काय घडलं, मनात काय आलं, सर्वांत वाईट काय वाटलं, असं. लोकांना ते आवडलं, पटलं, आणि ते जगभर पसरलं. बोलून मोकळं झालं की बरं वाटतं, हे आपल्या आजीलाही पटलं असतं!

मग चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तेरा महिन्यांनी पाहिलं तर डीब्रीफिंग मिळालेल्यांत २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांत ९ टक्के. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की डीब्रीफिंगच्या गटातले लोक मुळातच जास्त भाजलेले होते. पण नंतरच्या कॉक्रेन आढाव्यातही एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही. मिचेल यांच्या बाजूचे लोक म्हणतात, ‘या चाचण्या एकेकट्या रुग्णांवरच्या आहेत, आमची पद्धत तुकडीसाठी आहे.’ आक्षेप रास्त आहे. पण मग पुरावा कुणी द्यायचा? पद्धत विकणाऱ्याने, असं माझं मत.

आता दुसरी बाजू, म्हणजे ज्यांच्याकडे पुरावा आहे ते उपचार. एडना फोआ यांचा प्रोलाँग्ड एक्स्पोजर, पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. दोन्ही भक्कम आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचाच आहे. पण त्यांची घडण बघा. पहिल्यात रुग्ण ती आठवण पुन्हापुन्हा सांगतो, टाळलेल्या जागी हळूहळू जातो आणि शिकतो की तो प्रसंग होऊन गेला, आता धोका नाही. बलात्कार सोसलेली स्त्री किंवा युद्धावरून परतलेला सैनिक यांना हे लागू पडतं. बंबावरच्या जवानाची मात्र उद्या सकाळी पाळी आहे. त्याला ‘धोका संपला’ असं सांगणं खोटं ठरेल. त्याला शिकायचंय ते वेगळं: घरात मिक्सर सुरू झाला की छाती धडधडते ती निरर्थक, आणि जळत्या जिन्यावर पाय थबकतो तो शहाणपणाचा. हा फरक रुग्णासोबत बसून कसा काढायचा, यावर प्रशिक्षणात तासभर तरी हवा. बहुतेक वेळा तो एखाद्या स्लाइडवर उरकतो.

दुसऱ्या उपचारात ‘माझ्यामुळे ते मूल गेलं’ यासारखे अडकलेले विचार तपासतात. बहुतेकांच्या बाबतीत तो विचार चुकीचा निघतो. पण पॅरामेडिकच्या हातून कधी खरोखरच उशीर झालेला असतो, निर्णय चुकलेला असतो. तिथे घाईने ‘तुमचा काही दोष नाही’ म्हणणारा उपचारक पुढच्या वेळी त्याला दिसणार नाही. खऱ्या चुकीचं वजन किती, आणि ती कुठल्या परिस्थितीत झाली, हे दोन्ही सोबत धरून बोलणं अवघड असतं, आणि ते शिकवावं लागतं.

आणखी एक. हे उपचार सर्वांत त्रास देणाऱ्या एका प्रसंगापासून सुरू होतात. पंधरा वर्षं ॲम्ब्युलन्सवर असलेला माणूस कुठला प्रसंग निवडणार? अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत, मृतांचे अवशेष गोळा करणारे किंवा बाल-अत्याचाराचे तपशील वारंवार ऐकणारे पोलिस यांचा आघात स्पष्ट शब्दांत मान्य झाला. प्रशिक्षणं अजून त्या ‘वारंवार’ शब्दापर्यंत पुरती पोचलेली नाहीत.

हे सगळं दोन दिवसांच्या कार्यशाळेत मावत नाही, हे कुणालाही कळेल. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रेसिक यांच्या पद्धतीची कार्यशाळा सगळ्या उपचारकांना दिली. काहींना त्यानंतर काही महिने तज्ज्ञांबरोबर केसवर चर्चा मिळाली, काहींना नाही. चर्चा मिळालेल्यांचे रुग्ण अधिक सुधारले. गंमत म्हणजे, ज्या गटात सत्रांचं रेकॉर्डिंगही ऐकून चर्चा झाली, त्याला तेवढा फायदा दिसला नाही. का, यावर वाद घालता येईल. पण कार्यशाळेनंतर चर्चेची सोय हवी, एवढं त्यातून निश्चित निघतं, आणि जाहिरातीत नेमकी तीच गोष्ट बारीक अक्षरात असते.

आपल्याकडचं सांगायचं तर, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. जे त्या दिवशी परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले, त्यांच्यासाठी असा दिवस नाही. त्यांचे आजचे वारसदार तुमच्या दवाखान्यात ‘मला आघात झालाय’ म्हणत येणार नाहीत. झोप येत नाही, पित्त वाढलंय, बायको म्हणते चिडचिड होते, असं काहीतरी सांगतील.

तेव्हा फी भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा. कार्यशाळेनंतर किती महिने, किती वेळा, कुणाशी केस बोलता येईल? आणि ज्याची उद्या पुन्हा ड्युटी आहे अशा रुग्णाचं एक तरी संपूर्ण उदाहरण दाखवणार का? उत्तरं गुळमुळीत आली, तर पैसे ठेवून घ्या. आता प्रश्न घेऊ.