रंग गेला, पाणी शुद्ध झाले का?

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की काही प्रकल्प हमखास भेटतात. 'फळांच्या सालींपासून जलशुद्धीकरण' हा त्यांपैकी एक. उंब्रजसारख्या गावात त्याचे साहित्यही विनासायास मिळते. बाजारातल्या गाड्यांवर केळी आणि मोसंबी असतात. महामार्गालगतच्या रसवंतीगृहांबाहेर उसाची चिपाडे पडलेली असतात. मांडणी साधारणपणे ठरलेली. एका चंबूत निळे पाणी, मध्ये वाळवून कुटलेली केळीची साल आणि शेवटी गाळलेले, जवळजवळ रंगहीन पाणी. वर तक्ता : 'टाकाऊतून टिकाऊ – दूषित पाणी शुद्ध!' परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

या प्रकल्पाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. त्यात मुलांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांना जे प्रश्न कोणी विचारले नाहीत, ते आपण शिक्षकांनी विचारायला हवे होते.

आधी श्रेय देऊ. या प्रयोगामागील तत्त्व खरे आहे. सालीत सेल्युलोज, पेक्टिन यांसारखे पदार्थ असतात. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्यातील रंगाचे रेणू चिकटून बसतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. कोइमतूरच्या नमसिवायम व सहकाऱ्यांनी १९९६ साली संत्र्याच्या सालीने रंग काढण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ साली अण्णादुरै, जुआंग व ली यांनी केळी आणि संत्री या दोन्हींच्या साली तपासल्या. तेव्हा मुलांचा प्रयोग थोतांड नाही. आमचा आक्षेप आहे तो तक्त्यावरच्या निष्कर्षाला.

पहिला प्रश्न : निळे पाणी कशाचे होते? ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मेथिलीन ब्लूचे असेल तर ठीक. पण कित्येकदा 'दूषित पाणी' म्हणून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण घेतले जाते. तेथे तर फसगतच होते. परमँगनेट हे जोरदार ऑक्सिडीकारक आहे. सालीतील सेंद्रिय पदार्थांशी त्याची रासायनिक अभिक्रिया होते, जांभळा रंग जातो आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड उरतो. म्हणजे रंग गेला तो प्रामुख्याने अभिक्रियेमुळे. तक्त्यावर मात्र 'अधिशोषण' लिहिलेले असते.

दुसरा प्रश्न : कोणता रंग आणि किती? वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अभ्यासात एक ग्रॅम केळीच्या सालीने मेथिलीन ब्लू सुमारे २१ मिलिग्रॅम धरून ठेवला, पण अमिडो ब्लॅक हा रंग केवळ ६.५ मिलिग्रॅम. साल तीच, पण क्षमता एक तृतीयांशाहून कमी. पाण्याचा सामू बदलला तरी आकडे बदलतात. त्यामुळे एका रंगावर मिळालेले यश 'सर्व प्रदूषकांवर' लागू करता येत नाही.

येथे थोडे गणितही करू. लिटरमध्ये ५० मिलिग्रॅम रंग असलेले १००० लिटर पाणी घेतले, तर एकूण रंग झाला ५० ग्रॅम. ग्रॅममागे २० मिलिग्रॅम धरले तर किमान अडीच किलो वाळलेली साल लागेल. ओल्या सालीत साधारण नऊ दशांश पाणी असते, म्हणजे ओली साल २५ किलो. सालीचे वजन केळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास धरल्यास सुमारे ५० डझन केळी! एका टाकीसाठी हा हिशेब आहे. कारखान्याचे सांडपाणी लाखो लिटरांत मोजतात. हे गणित आठवीच्या मुलांनाही जमते. ते केले की प्रकल्प हास्यास्पद ठरत नाही, उलट खरा होतो.

तिसरा प्रश्न : रंग गेला कुठे? तो नाहीसा झालेला नाही, पाण्यातून सालीवर आला आहे. निळी झालेली साल लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवून पाहा. काही रंग पुन्हा सुटतो. ती साल उकिरड्यावर टाकली तर पावसाबरोबर तो पुन्हा ओढ्याकडे निघणार. तेव्हा वापरलेल्या सालीचे काय करणार, हे सांगितल्याशिवाय प्रकल्प पुरा होत नाही.

चौथा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : सालीने पाण्याला काय दिले? कच्ची साल पाण्यात भिजली की तिच्यातील साखर, पेक्टिन, टॅनिन पाण्यात उतरतात. हे सारे सेंद्रिय पदार्थच. उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना येते आणि नदी सांगलीकडे जाते. या उसाच्या पट्ट्यात नदीवरचा मोठा भार कापडाच्या रंगाचा नाही; तो गावांच्या सांडपाण्याचा आणि मळीमिश्रित पाण्याचा आहे. अशा पाण्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, त्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन वापरतात आणि मासे गुदमरतात. म्हणजे आपल्या नदीला ज्याचा त्रास आहे, तेच प्रदूषण कच्ची साल थोड्या प्रमाणात पाण्यात घालते. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसते एवढेच.

यातून मार्ग निघत नाही असे नाही. पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाची राख वापरून 'सुजल' ही गाळणी तयार झाली. पुढे तशाच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून २००९ साली 'स्वच्छ' हा जलशोधक बाजारात आला. येथे तूस कच्चे वापरलेले नाही. जाळल्यावर त्यातील विरघळणारे सेंद्रिय द्रव्य निघून जाते आणि सच्छिद्र सिलिका उरते. टाकाऊ वस्तू उपयोगी पडते, पण तिच्यावर योग्य संस्कार केल्यावर.

आता शाळेत काय करावे? चार चंबू घ्या. पहिल्यात मेथिलीन ब्लूचे पाणी, दुसऱ्यात तेच पाणी व साल, तिसऱ्यात साधे पाणी व साल, चौथ्यात नुसते साधे पाणी. एक दिवस ठेवून गाळा. पहिल्या दोहोंची तुलना केली की रंग किती गेला ते कळेल. तिसऱ्या व चौथ्या चंबूंतील पाणी समान मापाने घेऊन त्यांत परमँगनेटच्या अतिविरल द्रावणाचे सारखेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. चौथ्यातील गुलाबी रंग बराचसा टिकेल, तिसऱ्यातील तपकिरी होऊन जाईल. सालीने पाण्यात काय सोडले, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. मघाशी फसवणारे परमँगनेट येथे साक्षीदार होते. नंतर हाच प्रयोग उकळून धुतलेल्या सालीवर आणि सालीच्या कोळशावर करावा. तपासलेले पाणी कोणीही चाखू नये, हे बजावून सांगावे.

हे बजावणे औपचारिक नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पाण्यातून पसरणारा विषाणू डोळ्याला दिसत नाही. निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो. आपल्या मानकांनुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये. केळीची साल याची हमी देत नाही. 'रंगहीन म्हणजे शुद्ध' हा समज घेऊन मूल घरी गेले, तर प्रदर्शनाने त्याचे नुकसानच केले म्हणायचे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तक्त्यावर 'दूषित पाणी शुद्ध' असे न लिहिता 'केळीच्या सालीने मेथिलीन ब्लूचा रंग किती कमी होतो आणि त्या बदल्यात पाण्यात काय उतरते?' असे लिहावे. शीर्षक लांबेल, टाळ्याही कदाचित कमी पडतील. पण तो तक्ता लिहिणाऱ्या मुलाला आपल्या प्रयोगाची मर्यादा कळलेली असेल, आणि परीक्षकांनी गुण द्यावेत ते त्यासाठीच.