असंगत नाट्य आणि कीर्तनाची बैठक

मार्टिन एस्लिन यांचा 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि बेकेट, आयनेस्को, अदामोव्ह, जने अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या नाटककारांना एका नावाखाली बसविण्याची सोय समीक्षकांस झाली. मराठीत ह्या नावासाठी कोणी 'असंगत नाट्य' हा शब्द योजला, कोणी 'न-नाट्य' म्हटले. पुष्कळांनी मूळ शब्दच देवनागरीत लिहून वेळ निभावून नेली. आम्ही येथे 'असंगत' हाच शब्द वापरणार आहोत. 'निरर्थक' हा शब्द मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. ज्यात अर्थ नाही असे नाटक आणि अर्थ न सापडण्याविषयीचे नाटक ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी होत, आणि ह्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यानेच आपल्याकडे ह्या नाट्यप्रकाराविषयी एकतर तिरस्कार दिसतो, नाहीतर भाबडे कौतुक.

प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका मर्यादित प्रश्नाचा. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' हे नाटक १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणले, तेव्हापासून त्याची गणना मराठीतील असंगत नाटकांत केली जाते. ही गणना कितपत खरी आहे? पॅरिसमध्ये जे हरवले होते तेच पुण्यातील चाळीतही हरवले आहे काय?

प्रथम पॅरिसकडे पाहू. बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' ५ जानेवारी १९५३ रोजी तेथील एका लहानशा नाट्यगृहात प्रथम झाले. रस्ता, एक झाड आणि वाट पाहणारी दोन माणसे, एवढाच त्याचा संसार. ह्या माणसांना घर नाही, नातेवाईक नाहीत, सणवार नाहीत, भूतकाळ आहे तोही आठवेल न आठवेल असा. दोन महायुद्धांनी होरपळलेल्या समाजात ईश्वराची जागा रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेकडे डोळे लावून माणसे बसली, अशी ही भूमिका आहे. अल्बेर कामूने १९४२ साली सिसिफसच्या कथेवरून जे तत्त्वचिंतन मांडले त्याचीही पार्श्वभूमी हीच. बेकेटने त्या रिकामेपणाला साजेल असा रंगमंचही रिकामा केला. त्याच्या नाटकात शब्दांपेक्षा शब्दांमधील शांतता बोलते.

एस्लिन यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रारंभीच १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात झालेल्या प्रयोगाची हकीकत दिली आहे. सुमारे १४०० कैदी प्रेक्षक होते. पॅरिस-लंडनच्या जाणकारांना जे नाटक दुर्बोध वाटले होते ते ह्या कैद्यांना अडखळल्याशिवाय समजले, कारण वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ही हकीकत आम्हांस फार महत्त्वाची वाटते. असंगत नाटक हे मूठभर विद्वानांचे कोडे आहे ही समजूत तिने खोटी पाडली आहे.

परंतु आम्हा शिक्षकांची एक जुनी खोड येथे आड येते. कविता आली की रूपक उलगडायचे आणि कथा आली की तात्पर्य लिहावयाचे, ह्या शिस्तीत आपली पिढी वाढली. त्यामुळे 'गोदो म्हणजे कोण?' हा प्रश्न वर्गात पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर येतो. बेकेटला कोणी हे विचारले असता, ठाऊक असते तर नाटकातच सांगितले नसते काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले होते. हे उत्तर उर्मट नाही. ते नाटकाचे वाचन कसे करावे ह्याची सूचनाच आहे. आपल्या संतांनी रचलेली कूट भारुडे घ्या. वरवर पाहता तेथेही सारा विपरीत कारभार असतो. अशक्य गोष्टी घडलेल्या सांगितल्या जातात, श्रोते हसतात, चक्रावतात. पण त्या कुलुपाची किल्ली रचणाऱ्यापाशी असते आणि परंपरेने ती श्रोत्याच्याही हाती दिलेली असते. देह, मन, माया, ब्रह्म ह्या संकल्पना मांडल्या की कुलूप उघडते. म्हणजे भारुडात असंगती हा बुरखा आहे, आणि बुरख्यामागे संगती निश्चित आहे. असंगत नाटकात बुरख्यामागे पाहिले तर दुसरा बुरखा दिसतो. आपल्याकडेही हे सारे पूर्वीच होते, असे भारुडाच्या आधारे सांगण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आवरलेला बरा.

आता 'महानिर्वाण'कडे वळू. कथानक थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात. मरण पावल्यावर ते उठून बसतात आणि आपल्याच मरणाचे कीर्तन करू लागतात. पत्नी रमा शोक करते, शेजारी जमतात, मुलगा नाना येतो. नेहमीचे स्मशान बंद होऊन तेथे नवी व्यवस्था आलेली. भाऊरावांचा हट्ट मात्र जुन्याच ठिकाणी, जुन्याच रीतीने जळण्याचा. दहन लांबणीवर पडत जाते, आणि अखेरीस मुलगा खटपटी-लटपटी करून बापाचा हट्ट पुरा करतो. एवढ्यावर उभे असलेले हे नाटक हसवून हसवून प्रेक्षकास अशा ठिकाणी आणून सोडते की आपण कशाला हसलो हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

समीक्षकांचे लक्ष बहुधा 'बोलणारे प्रेत' ह्या कल्पनेवर खिळते. आमच्या मते ती कल्पना गौण होय. मेलेला माणूस रंगमंचावर गातो ह्यात मराठी प्रेक्षकास धक्का बसण्यासारखे काही नाही. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात, खाली गोंदिया-भंडाऱ्याकडे आणि पुढे गडचिरोली-चंद्रपुरापर्यंत, धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात. ऐन शोकाच्या प्रसंगी तेथे गाणे येते, गाण्यातून विनोदी नट शिरतो, आणि पुन्हा शोक जेथे सोडला तेथून सुरू होतो. प्रेक्षक विनातक्रार पाहतो. दंडारीत आणि दशावतारात तर ह्याहूनही मोकळीक आहे. आकाराची असंगती ही आपल्या लोकनाट्याला मुळातच परकी नाही.

धक्का आहे तो कीर्तनात. नारदीय कीर्तनाची बांधणी आपणां सर्वांना परिचित आहे: नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचा नामगजर, उत्तररंगातील आख्यान आणि शेवटी आरती. पूर्वरंगात एखादे वचन घ्यावयाचे, त्याविषयी शंका उपस्थित करावयाच्या, सिद्धान्त सांगावयाचा, आणि मग उत्तररंगात कथेच्या आधारे तोच सिद्धान्त श्रोत्याच्या अंतःकरणात उतरवावयाचा. अर्थ लावणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचविणे हेच ज्याचे एकमेव प्रयोजन, अशी आपल्या संस्कृतीने घडविलेली ही संस्था आहे. आळेकरांनी ती बांधणी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. बुवा आहेत, चाली आहेत, झांजा आहेत, श्रोत्यांना विश्वासात घेण्याची लकब आहे. नाही तो फक्त सिद्धान्त. निरूपण चालू आहे आणि निरूपणाचा विषयच जागेवर नाही. मरणाचा अर्थ सांगू शकेल असा एकच अधिकारी पुरुष संभवतो, तो म्हणजे स्वतः मेलेला माणूस. आणि त्यालाही चाळ, स्मशान आणि आपली गैरसोय ह्यांपलीकडे सांगण्यासारखे काही सापडत नाही! नाटकाची खरी असंगती ती ही.

बेकेट आणि आळेकर ह्यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. बेकेटच्या रंगमंचावर काहीच उरलेले नाही. आळेकरांच्या रंगमंचावर सर्व काही उरलेले आहे. तिरडी कशी बांधावी, मडके कोणी धरावे, कोणी पुढे चालावे, बाईला कोणत्या शब्दांत समजावावे, हे चाळकऱ्यांना तोंडपाठ आहे. क्षणभर शांतता होत नाही. बोलणे, गाणे, सल्ले, कुजबुज ह्यांचा नुसता पूर लोटतो. विधी पूर्ण आहे, आणि तो का करावयाचा हे विचारण्याची बुद्धी कोणास होत नाही. एका ठिकाणी अर्थाचा अभाव आहे, दुसऱ्या ठिकाणी अर्थ निघून गेल्यावर मागे राहिलेल्या आकारांची गर्दी. ह्या गर्दीत माणूस अधिक सुखी आहे की अधिक एकटा, हे ठरविणे आम्हांस कठीण वाटते.

रमेचे पात्र ह्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. नवऱ्याच्या निधनानंतर तिचे मन जाऊन बसते ते खांदेकऱ्यांपैकी 'डावीकडून तिसरा' अशा एका इसमावर. त्याला नाव नाही; त्याची ओळख म्हणजे तिरडीजवळची त्याची जागा. पहिल्या प्रयोगांच्या काळी हा प्रसंग पुष्कळांस अभद्र वाटला असल्यास नवल नाही. पण रमेची कोणी थट्टा करीत आहे असे नाटकात कोठेही जाणवत नाही. तिला शोक करावयाचा आहे, परंतु शोकाचे सगळे शब्द आधीच ठरलेले आहेत. ते उच्चारले की तिचे दुःख चाळीचे होऊन जाते. तिच्या वाट्याला स्वतःची अशी जी एकमेव भावना येते ती ह्या अनामिकाविषयीची आहे, आणि तीसुद्धा त्याच अंत्ययात्रेतून उचललेली. जगण्याला अर्थ हवा ही हाक संपूर्ण नाटकात कोणी खऱ्या अर्थाने देत असेल तर ती रमा देते. भाऊराव बोलतात पुष्कळ. विचारीत काहीच नाहीत.

हे नाटक म्हणजे अंत्यसंस्कारांवरील उपहास, असे एक मत आहे. ते आम्हांस मान्य नाही. उपहासकार असता तर नानाने बापाचा हट्ट धुडकावून प्रेत नव्या व्यवस्थेच्या स्वाधीन केले असते आणि नाटक सुधारणेच्या बाजूने संपले असते. नाना तसे करीत नाही. त्याची जुन्या स्मशानावर श्रद्धा आहे असे वाटत नाही, भाऊरावांच्या सांगण्यात काही तथ्य आहे असेही नाही. तरी तो धडपडतो. ही कर्तव्यबुद्धी म्हणावी, सवय म्हणावी, की पिंडदानाचा अधिकारी असल्याची निव्वळ लाज? नाटककार निर्णय देत नाही. आळेकर शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ. पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. निरीक्षण नोंदवावयाचे आणि निष्कर्षाची घाई करावयाची नाही ही वृत्ती त्यांनी तेथून आणली असावी, असे आम्ही म्हटले तर ते थोडे धाडसाचे होईल. पण वृत्ती आहे खरी.

आळेकरांच्याच 'बेगम बर्वे'मध्ये (१९७९) कीर्तनाची जागा नाट्यसंगीताने घेतली आहे. संगीत नाटकाच्या ओसरलेल्या वैभवातील एक उपेक्षित स्त्रीपार्टी उदबत्त्या विकून जगतो, आणि दोन कारकुनांच्या स्वप्नात शिरून काही काळ खरीखुरी स्त्री होतो. तेथेही आकार शिल्लक आहे, त्याला जन्म देणारे जग नाही. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' (१९६६) ह्या दोहोंच्या आधीचे. रंगायनने ते केले. त्यात कवित्व विपुल आहे, परंतु कवी पात्रांना मध्येच बाजूस सारून स्वतः बोलू लागतो. विदर्भाचे महेश एलकुंचवार यांच्या 'प्रतिबिंब' (१९८७) ह्या नाटकात आरशातील प्रतिबिंबच नाहीसे झालेला माणूस भेटतो. कल्पना विलक्षण, पण हरवलेले प्रतिबिंब म्हणजे हरवलेले स्वत्व हे वाचकास चटकन कळते आणि भारुडाप्रमाणे कुलूप उघडते. एलकुंचवारांची प्रतिभा 'वाडा चिरेबंदी'त अधिक खोल उतरली आहे असे आमचे मत आहे. हिंदीभाषी मित्रांच्या सहवासात राहणाऱ्या आम्हांस येथे भुवनेश्वर यांच्या 'तांबे के कीड़े' ह्या १९४६ मधील एकांकिकेचाही उल्लेख करणे अगत्याचे वाटते. बेकेटचे नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी सात वर्षे ती लिहिली गेली, आणि तरीही भारतीय असंगत नाट्याचा इतिहास आपण पॅरिसपासूनच सांगतो.

असंगत नाटकाकडे शिक्षकाने वळावे ह्याला आणखी एक कारण आहे. आयनेस्कोला त्याच्या पहिल्या नाटकाची कल्पना सुचली ती इंग्रजी शिकविणाऱ्या एका क्रमिक पुस्तकावरून. आठवड्याचे दिवस सात असतात, छत वर असते आणि जमीन खाली, असली निर्विवाद सत्ये त्यातील पात्रे एकमेकांस गंभीरपणे सांगत होती. भाषा निर्दोष, आशय शून्य. पाठ्यपुस्तके हाताळणाऱ्यांनी ह्यावर हसावे की गप्प बसावे?

आमच्या बालाघाटात हा प्रश्न निराळ्या रीतीने समोर येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. येथील अनेक मराठी घरांत आज रोजचे बोलणे हिंदीत होते. मंगलाष्टके, आरत्या आणि अंत्यविधीतील बोल मात्र मराठीत. भाषेने दैनंदिन व्यवहार सोडला आणि विधीत मुक्काम केला. 'महानिर्वाण' वाचताना ह्या घरांतील तरुणास जे वाटेल ते पुण्याच्या प्रेक्षकास कदाचित वाटणार नाही. सॅन क्वेंटिनच्या कैद्यांप्रमाणे त्याचाही अधिकार अनुभवाचा आहे.

मात्र त्याच्या वाटेत एक अडचण आहे, आणि ती वर्गात सोडविता येण्यासारखी आहे. आजच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी कीर्तन ऐकलेलेच नसते. पूर्वरंग कोणता, बुवा श्रोत्यांना नामगजरात का ओढतात, आख्यान कोठे वळण घेते, हे ठाऊक नसलेल्या वाचकास भाऊरावांचे कीर्तन म्हणजे केवळ एक विनोदी युक्ती वाटते. जे त्याने कधी भरलेले पाहिले नाही ते रिकामे झाले हे त्याला कसे कळावे? म्हणून हे नाटक वर्गात वाचावयास घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस आमची विनंती आहे की असंगत नाट्याची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी एखादे चांगले, श्रद्धेने केलेले कीर्तन मुलांना नमनापासून आरतीपर्यंत ऐकवावे, आणि 'महानिर्वाण'चे पहिले पान दुसऱ्या दिवशी उघडावे.