मनगटाची नाडी लागली म्हणजे धमनी उघडी आहे का?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका शोधनिबंधाची चिकित्सा करू. 'मोजलं कसं आणि कोणाला?' हे दोन प्रश्न त्यातून नीट शिकता येतात.

पूर्वी अँजिओग्राफी बहुधा जांघेतून व्हायची. १९८९ मध्ये लुसियन कॅम्पो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचे अनुभव प्रसिद्ध केले. या वाटेने रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर उठून बसतो. पण नळी काढल्यावर रक्त थांबवायला मनगट दाबून ठेवावं लागतं, आणि कधी कधी गुठळी होऊन धमनीच बंद पडते. करंगळीच्या बाजूची दुसरी धमनी पंजाला रक्त पुरवते, त्यामुळे रुग्णाला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. मात्र पुढे त्याच हातातून पुन्हा अँजिओग्राफी करायची झाली, तर ती वाट बंद झालेली असते.

२००८ चा 'प्रॉफेट' अभ्यास समीर पंचोली आणि सहकाऱ्यांचा. ४३६ रुग्ण, दोन गट. एका गटात नेहमीसारखं दाबलं. दुसऱ्यात रक्त थांबेल, पण धमनीतला प्रवाह चालू राहील इतकंच. २४ तासांनी धमनी बंद असण्याचं प्रमाण १२ टक्के विरुद्ध ५ टक्के, ३० दिवसांनी ७ टक्के विरुद्ध १.८ टक्के.

याचं बळ मोजमापात आहे. मनगटावर नुसती बोटं ठेवली तर फसगत होते, कारण दुसऱ्या धमनीतून उलटं फिरून आलेलं रक्तही ठोके देतं. म्हणून करंगळीकडची धमनी दाबून पल्स ऑक्सिमीटरवर लहर उमटते का, हे पाहायचं.

आता टक्क्यांची माणसं करा. ३० दिवसांनी सुमारे १५ विरुद्ध ४! एवढ्या लहान आकड्यांत पाच-दहा जण तपासणीला आलेच नाहीत, तर चित्र पालटू शकतं. म्हणूनच २०१६ चा 'प्रॉफेट-२' ३,००० रुग्णांवर झाला, हे महत्त्वाचं. त्यात करंगळीकडची धमनीही दाबून ठेवल्यावर प्रमाण ३ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं.

पण अशा अभ्यासात कोण मोजला जातो? समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याचा एक मजूर सुरतेला अँजिओग्राफी करून आला. तिसाव्या दिवशी रोज बुडवून, गाडीभाडं खर्चून तो परत जाईल? 'आला नाही' म्हणजे 'धमनी उघडी आहे' असं धरलं, की निकाल आपोआप गोड दिसतो.

यावर उपाय अवघड नाही. ही तपासणी ऑक्सिमीटरवर होते, म्हणजे चिंचपाड्याच्या दवाखान्यातही करता येईल. तेव्हा तुमच्या प्रस्तावात तीन गोष्टी आधीच लिहा: धमनी कशाने तपासणार, किती दिवसांनी, आणि न येणाऱ्याकडे कोण जाणार. तिसरी ओळ लिहायची बहुतेकांची राहून जाते.